सेविका ते स्पॅगेटी : इटालियन घरगुती अन्नाचा पथ्यविचार

पथ्यापथ्य समजावून सांगत असताना रुग्णांकडून अलीकडे एक प्रश्न हटकून येतो. "डॉक्टर, शनिवारी मुलं इटालियन खायला नेतात, ते चालेल का?" आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. मैदा, चीज, परदेशी, म्हणून वर्ज्य. हे उत्तर देण्यास अर्धे मिनिट लागते व ते चुकीचे ठरण्याचा धोकाही वरकरणी दिसत नाही. परंतु अशा सरसकट निषेधाचा एक परिणाम आमच्या वारंवार अनुभवास आला आहे. रुग्ण तो पदार्थ सोडत नाही, तो वैद्याला सांगणे सोडतो.

अम्लपित्ताचे एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे चिकित्सा घेत होते. सूतशेखर व अविपत्तिकर चूर्ण नियमाने चालू होते, आहाराची नोंदवही ते शिक्षकी अक्षरात लिहून आणीत. आठवडाभर लक्षणे उत्तम आटोक्यात, आणि रविवार-सोमवारी मात्र छातीतील दाह, आंबट ढेकर व शिरःशूल पुन्हा हजर, असा क्रम दीड महिना चालला. नोंदवहीत शनिवारच्या रात्रीपुढे 'मुगाची खिचडी' असे लिहिलेले असे. पुढच्या भेटीत त्यांच्यासोबत नऊ-दहा वर्षांची नात आली व तिने आजोबांच्या देखत निरागसपणे सांगितले, "आजोबा शनिवारी माझ्याबरोबर व्हाइट सॉस पास्ता खातात." आजोबा ओशाळले. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "तुम्ही नाही म्हणणार हे माहीत होतं. आणि आठवड्यातून तेवढी एकच संध्याकाळ ती माझ्याबरोबर बसते."

या उत्तरात चिकित्सकाने विचार करावा असे पुष्कळ आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेषायतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. 'इटालियन' हा शब्द या आठांपैकी कशातच बसत नाही. तो केवळ एका भूप्रदेशाचा निर्देश आहे. पदार्थात कोणते द्रव्य आहे, त्यावर कोणता संस्कार झाला, ते कशाशी संयुक्त झाले, किती प्रमाणात व कोणी खाल्ले, हे विचारल्याशिवाय पथ्यनिर्णय होऊ शकत नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने इटलीच्या साध्या, घरगुती धाटणीच्या अन्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

नाशिकमध्ये हे अन्न आता नवलाईचे राहिलेले नाही. गंगापूर धरणाच्या बाजूस सुला द्राक्षमळ्यात 'लिटल इटली' हे शाकाहारी इटालियन उपाहारगृह काही वर्षे चालले आणि तेथे जाणे हा अनेक कुटुंबांच्या दृष्टीने सहलीचाच भाग असे. आज कॉलेज रोड, गंगापूर रोड या भागांत फिरल्यास लहानसहान कॅफेंतूनही पास्ता मिळतो. यांतील बहुतेक ठिकाणचा पदार्थ इटलीतील माणसाला ओळखू येणार नाही, हे खरे आहे. पण काही ठिकाणी पाच-सहा टेबले, मोजकेच पदार्थ आणि मागणी आल्यावर चुलीवर चढणारे अन्न अशी पद्धत दिसते. इटलीत अशा गल्लीतल्या घरगुती भोजनगृहास 'त्रात्तोरिया' म्हणतात. आपल्याकडील चांगल्या खानावळीचा तो इटालियन भाऊ समजावा. ठरावीक गिऱ्हाईक, त्या दिवशी बाजारात जे चांगले मिळाले त्याची भाजी, फारसा थाट नाही, आणि मालक स्वतः येऊन "आज हे घ्या" असे सांगतो.

अशाच एका लहान उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात, चालकांच्या परवानगीने, आम्ही एक संध्याकाळ उभे राहिलो. सर्वांत साधा पदार्थ करून दाखवा, अशी विनंती केली. त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात मीठ घातले व लांब शेवयांसारखे स्पॅगेटी सोडले. दुसरीकडे मंद आचेवर तेलात लसणाच्या पातळ चकत्या टाकल्या. लसूण सोनेरी होताच लाल मिरचीचा तुकडा घातला, शिजलेले स्पॅगेटी त्यात ओढले, वर दोन पळ्या तेच पिठूळ पाणी ओतले आणि कढई हलवीत राहिले. तेल व पाणी एकजीव होऊन प्रत्येक शेवईवर पातळ, तकतकीत लेप चढला. झाले! ना चीज, ना मलई. या पदार्थाच्या इटालियन नावाचा अर्थच मुळी 'लसूण आणि तेल' एवढा आहे. आम्ही तो उभ्यानेच खाल्ला व पुन्हा मागून घेतला. लसूण करपण्याआधी नेमक्या क्षणी थांबणे हे कौशल्य आपल्या फोडणीतही लागते. भूक लागलेली असताना, उष्ण, स्निग्ध, ताजे आणि मनाजोगते अन्न समोर येणे हे आहारविधीतच सांगितलेले आहे. भोजनातील आनंद हा पथ्याच्या विरोधी पक्षात नाही, हे आपणही कधीकधी विसरतो.

आता द्रव्याकडे वळू. पास्ता म्हणजे गव्हाच्या पिठाच्या वाळविलेल्या शेवया. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात रचिलेल्या भावप्रकाशाच्या कृतान्नवर्गात 'सेविका' या नावाने नेमका हाच प्रकार वर्णिला आहे. समिता म्हणजे गव्हाचे बारीक पीठ, त्याच्या सूक्ष्म वर्ती करून त्या वाळवाव्यात, मग दुधात शिजवून तूप-साखरेसह खाव्यात, असा त्याचा विधी. गुण सांगताना ती तर्पणी, बल्य, गुरू, पित्त व वात यांचे शमन करणारी, ग्राही, संधानकर व रुचकर म्हटली आहे, आणि शेवटी अतिमात्रेने खाऊ नये असा इशाराही आहे. इटलीतील शेवई व आपली सेविका यांत द्रव्य आणि प्राथमिक संस्कार एकच आहेत. फरक पडतो तो पुढच्या संयोगात. म्हणून पास्त्याच्या गुणांचा विचार शून्यापासून करण्याचे कारण नाही. गुरुत्व व ग्राहित्व हे दोन गुण ध्यानात धरले की मलबद्धतेच्या, स्थौल्याच्या व मंदाग्नीच्या रुग्णास काय सांगावयाचे ते आपोआप ठरते.

गव्हाच्या जातीत मात्र भेद आहे. चरकाने गोधूमाबरोबर नांदीमुखी व मधूली यांचा, तर भावप्रकाशाने महागोधूम, मधूली व नांदीमुख अशा भेदांचा उल्लेख केला आहे. इटलीत वाळविलेला पास्ता डुरम या कठीण गव्हाच्या रव्याचाच असावा, असे बंधन तेथे १९६७ च्या कायद्याने आले. हा गहू आपल्याला परका नाही. आपला बन्सी तो हाच. नाशिककरांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने बन्सी गव्हाचे जे वाण दिले, त्यांत जिरायतीसाठी 'पंचवटी' व बागायतीसाठी 'गोदावरी' ही नावे आहेत. रवा, शेवया, कुरडया यांसाठी हे वाण शेतकऱ्यांना परिचित आहेत. मधुमेही रुग्णांना आपण जो खपली गहू सुचवितो तोही इटलीत 'फार्रो' या नावाने पिकतो व तेथील ग्रामीण भागात कडधान्याबरोबर त्याचे दाट कढण करतात. तेव्हा 'परदेशी धान्य' हा आक्षेप टिकत नाही. टिकतो तो मैद्याचा आक्षेप, आणि त्यासाठी पाकीट वाचण्याची सवय लावावी. 'डुरम व्हीट सेमोलिना' असे लिहिलेले असल्यास ते बन्सीच्या रव्याचे आहे. नुसता मैदा लिहिलेला असल्यास तो पदार्थ शिजताना लगदा होतो, आणि तो लगदा लपविण्यासाठीच बहुधा वर चीज येते.

शिजविण्याविषयी एक खरा मतभेद आहे व तो झाकून ठेवू नये. इटालियन माणूस पास्ता दाताला किंचित कठीण लागेल इतपतच शिजवितो. आधुनिक आहारशास्त्राप्रमाणे डुरमच्या घट्ट रचनेमुळे त्यातील पिष्टाचे पचन संथ होते व पांढऱ्या पावाच्या तुलनेत रक्तातील साखर सावकाश वाढते. जास्त शिजविल्यास हा लाभ कमी होतो. आपल्या दृष्टीने मात्र अर्धवट शिजलेले धान्य गुरू व आमोत्पादक आहे. आमचे मत असे की येथे उपयोक्ता पाहून निर्णय करावा. प्रमेहाचा रुग्ण तरुण व दीप्ताग्नी असल्यास किंचित घट्ट शिजलेला पास्ता अल्प मात्रेत चालेल. वृद्ध, मंदाग्नी किंवा ग्रहणीदोष असलेल्या व्यक्तीने उपाहारगृहात "दोन मिनिटे जास्त शिजवा" असे निःसंकोच सांगावे. याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : पास्ता आत्ता शिजवला की सकाळी उकडून तेल लावून शीतकपाटात ठेवला होता? घाईच्या ठिकाणी दुसरी पद्धत सर्रास आढळते आणि पर्युषित अन्नाचे दोष आपल्याला नव्याने सांगावयास नकोत.

टोमॅटो आपल्या संहितांत नाही, कारण तो अमेरिका खंडातून आला. इटलीतही तो पाहुणाच. टोमॅटोच्या सॉसची तेथील सर्वांत जुनी ज्ञात छापील कृती सतराव्या शतकाच्या अखेरीची, नेपल्समधील आहे. आज पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे ढीग पाहताना हे फळ कोणे एके काळी येथे नव्हते असे वाटतही नाही. रस अम्ल-मधुर, पित्तकर, हे आपले अनुमान व्यवहारात पटण्यासारखे आहे. तेलात दीर्घकाळ शिजविल्याने त्याची तीक्ष्णता उतरते, तरी अम्लपित्त, शीतपित्त व दाहप्रधान त्वग्विकारांत लाल सॉस टाळावा हेच बरे. वर टाकलेली सुगंधी पाने 'तुळस' म्हणून वाढली जातात, ती तुळस नव्हे. ती आपल्या सब्जाची जात, भावप्रकाशातील बर्बरी. औषधी दुकानदार जे सब्जाचे बी उन्हाळ्यात विकतात त्याच झाडाची ही पाने. ओरेगॅनो हा आपल्या मरव्याचा सख्खा नातलग असून गंधाने ओव्याच्या जवळ जातो. जड अन्नाबरोबर अशी दीपन द्रव्ये घालण्याची बुद्धी दोन्हीकडच्या गृहिणींना सुचली, यात आश्चर्य नाही.

खरी अडचण दूध, मलई व चीज यांची आहे. व्हाइट सॉस म्हणजे लोण्यात परतलेला मैदा, दूध आणि मीठ. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात दुधाबरोबर जी द्रव्ये एकत्र खाऊ नयेत म्हणून सांगितली, त्यांत लवण व अम्ल फळे दोन्ही आहेत. टोमॅटो व मलई एकत्र करून होणारा गुलाबी सॉस, जो आपल्याकडच्या तरुणांत विशेष प्रिय आहे, तो तर दोन्ही निषेधांस एकदम पात्र ठरतो. इटलीतही दुधाचा सॉस आहे, नाही असे नाही. पण तेथे तो थरांच्या भाजलेल्या पास्त्यासारख्या, सुट्टीच्या दिवशी निगुतीने करावयाच्या पदार्थांत प्रामुख्याने येतो. रोजच्या जेवणात तेल, भाजी, कडधान्य व थोडे किसलेले चीज एवढाच मामला असतो. चीजविषयी किलाटाचे वर्णन मार्गदर्शक ठरावे. चरकाने किलाटादी पदार्थ गुरू, तर्पण, बृंहण, वातघ्न म्हटले असून दीप्ताग्नी व निद्रा न येणाऱ्यांस ते सुखकर सांगितले आहेत. म्हणजे येथेही सरसकट निषेध नाही, अधिकारी मात्र सांगितला आहे. किमान बारा महिने मुरविलेले पार्मेझान चमचाभर किसून घेणे वेगळे आणि वितळून तार येणाऱ्या चीजचा जाड थर वेगळा. स्वस्त ठिकाणी तर तो थर दुधाचाही नसतो, वनस्पती तेलापासून केलेले 'चीज अ‍ॅनालॉग' असते. कडक शाकाहारी व जैन रुग्णांना आणखी एक माहिती अवश्य द्यावी : अस्सल इटालियन पार्मेझान वासराच्या जठरातील विरजणाने लावलेले असते. भारतीय बनावटीच्या चीजसाठी सामान्यतः सूक्ष्मजीवजन्य विरजण वापरतात, पाकिटावर तसा खुलासा व हिरवे चिन्ह पाहावे.

पिझ्झ्याविषयी थोडक्यात एवढेच की तो आंबविलेल्या मैद्याचा पाव आहे आणि वरील सर्व विवेचन त्यास दुप्पट लागू आहे.

ज्या देशाचे अन्न आपण अपथ्य ठरवितो त्या देशाची स्वतःची पथ्यकल्पना काय आहे, हेही पाहण्यासारखे आहे. मध्ययुगात दक्षिण इटलीतील सालेर्नो येथील वैद्यकपीठ युरोपभर प्रसिद्ध होते. त्याच्या नावावरील आरोग्यविषयक पद्यग्रंथात अन्नाचे उष्ण-शीत, रूक्ष-स्निग्ध असे गुण गृहीत धरून ऋतुचर्या व भोजनाचे नियम सांगितले आहेत. तो सिद्धांत त्यांच्या वैद्यकातून गेला, परंतु स्वयंपाकघरात त्याचे अवशेष राहिले असावेत असे वाटते. माशाच्या पास्त्यावर चीज घालणे इटालियन माणसाला आजही रुचत नाही. जेवणानंतर दूध घातलेली कॉफी घेणे तो पचनास वाईट मानतो. मत्स्य व क्षीर यांचा विरोध शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे ऐकून मौज वाटेल. यावरून काही सिद्ध होते असे आम्ही म्हणत नाही.

विशेष लक्षात घेण्यासारखे आहे ते त्यांचे आजाऱ्याचे जेवण. पोट बिघडले, ताप आला, की इटालियन आई 'बिआंको', म्हणजे पांढरे जेवण देते. पांढरा भात किंवा साधा पास्ता, त्यावर थोडे तेल अथवा लोणी, लाल सॉस नाही, तळण नाही, मसाला नाही. लहान मुलांना व अशक्त रुग्णांना तांदळाच्या कणीएवढा बारीक पास्ता पातळ कढणात शिजवून पाजतात. ही पेया-विलेपीच्या क्रमाचीच आठवण आहे. चरकाने सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात अठ्ठावीस यवागू सांगितल्या, त्यांच्या शेजारी हे वाडगे ठेवण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. उत्तर इटलीतील रिसोत्तो हाही कढण घालीत, ढवळीत शिजविलेला आसट भातच. आणि हरभरा किंवा घेवडा घालून केलेला पास्ता खाताना आपल्याकडील कोणत्याही माणसाला वरणफळांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांना आम्ही हेच पांढरे जेवण सुचविले. शनिवारची संध्याकाळ व नात दोन्ही कायम ठेवावयाची, फक्त मागणी बदलावयाची : साधा पास्ता, चमचाभर लोणी, उकडलेली दुधी किंवा फरसबी, लसूण व मिरची नको. उपाहारगृहाच्या चालकांनी आनंदाने करून दिले. पुढील नोंदवहीत शनिवारी खरे काय खाल्ले ते लिहून येऊ लागले, आणि औषधाचा परिणाम पारखणे आम्हांस प्रथमच शक्य झाले. सोमवारचा दाह महिन्याभरात उतरला. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही, परंतु खरी नोंद नसती तर आम्ही कदाचित औषधच बदलले असते.

मात्रेविषयी सांगावयाचे तर इटलीत एका माणसासाठी साधारण ऐंशी ग्रॅम कोरडा पास्ता घेतात व त्यानंतर भाजी किंवा कोशिंबीर असते. आपल्याकडील भरलेली ताटली, सोबत लसूण-पाव आणि वर शीतपेय ही एका माणसाची मात्रा नव्हे. एक ताटली दोघांत व जोडीला भाज्यांचे गरम सूप ही सूचना रुग्ण सहज पाळतात. शीतपेयाऐवजी गरम पाणी सुचवावे. वेळेचे पथ्य मात्र कठीण जाते, कारण नाशिकमध्ये कुटुंबे रात्री नऊनंतरच बाहेर पडतात. साडेसातला जा, गर्दी नसते आणि स्वयंपाकीही तुमचे ऐकतो, असे सांगितले तर पटते. बोलू नये, हसू नये, तन्मनाने जेवावे, हा नियम इटालियन पद्धतीच्या जेवणात पाळला जाणे अवघड आहे, हे मान्य करून पुढे जावे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पाचक चूर्णे मागणारे गिऱ्हाईक आपल्या परिचयाचे आहे. "काय खाल्ले होते?" हा प्रश्न दुकानातही विचारता येतो. पोट फुगून जड झाले असेल, वाताचा अवरोध असेल, तर हिंग्वाष्टक योग्य. पण ते जेवणाच्या पहिल्या घासाला तुपासह घ्यावयाचे आहे, दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर नव्हे, हे सांगितल्याशिवाय पाकीट देऊ नये. चीज व लाल सॉसनंतर घशाशी जळजळ असेल तर हिंग्वाष्टकाने ती वाढेल. तेथे अविपत्तिकराचा विचार होतो, मात्र त्यात त्रिवृत् असल्याने गर्भिणी व अतिसाराच्या रुग्णास वैद्याकडेच पाठवावे. लवणभास्करात लवणांचे प्रमाण बरेच असते, म्हणून उच्च रक्तदाबाचे औषध घेणाऱ्यास ते हातात देण्यापूर्वी विचारपूस करावी. आणि एखादा गिऱ्हाईक दर सोमवारी येत असेल, किंवा वजन उतरणे, गिळताना अडखळणे, काळसर मलप्रवृत्ती असे काही सांगत असेल, तर चूर्णाची विक्री थांबवून त्याला त्याच दिवशी तपासणीस धाडावे.